मूठभर कणीक

रोहिणी आठवली की मला आधी तिचे तळहात आठवतात. माघातलं ऊन असावं, कॅनॉलच्या पाण्यात भिजून आल्यासारखं कोवळं. बांधावर काटक्यांची लहानशी आगटी असावी, तीत भाजलेल्या हिरव्या गव्हाच्या ओंब्यांचा गोडसर, किंचित करपट वास असावा. आणि माझी ही सून उकिडवी बसून ओंब्या दोन्ही तळहातांत चोळत असावी. मग ते तळहात ओठांपाशी नेऊन ती अशी हलकी फुंकर घालायची, की फोलपट तेवढं उडावं आणि दाणा जागचा हलू नये. उडालेली फोलपटं उन्हात क्षणभर तरंगायची, तिच्या केसांवर येऊन बसायची, आणि ती ओंजळ पुढं करायची. आधी मला, मग प्रवीणला, म्हणजे माझ्या मुलाला, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःला. पुढं एक माघ असा आला, की चोळणं तेच, फुंकर तीच, पण ओंजळीतले दाणे सगळे आमचेच. तिच्या वाट्याला नुसता वास. गहू तिच्या आतड्याचा वैरी निघाला होता.

तसं लग्न होऊन घरात आली तेव्हापासूनच तिच्या चेहऱ्यावर एक फिकी सांज असायची. जेवली की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, महिन्यातून दोनदा तोंड यायचं, अंगात रक्त म्हणून ठरत नव्हतं, आणि घोड नदीच्या काठावरून गवताचा भारा घेऊन येताना ती मध्येच अशी थांबायची, जणू कोणी मागून हाक मारली आहे. आम्ही नजर काढली, लोहाच्या गोळ्या दिल्या, खजूर दिला. शेवटी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, आणि आमच्या घरात एक नवा शब्द आला, सेलिॲक. त्याला औषध नाही, गोळी नाही. गहू, मैदा, रवा, सातू यांचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये, आणि तेही जन्मभर. त्या म्हणाल्या, आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते, ती गव्हानं झडून गेलीय. गहू थांबला की हळूहळू पुन्हा उगवेल. मला ते फार पटलं. शेळ्यांनी कुरतडून नेलेला माळ मी पाहिलाय, आणि चराई बंद केल्यावर त्याच माळावर आलेली पोपटी कोवळीकही पाहिलीय. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, हा माळ मी राखीन.

आणि राखलाच की मी, असं मला वाटत होतं. आमच्या लहानपणी या भागात गहू म्हणजे पाहुणा. रोजचं पोट बाजरीचं, आणि गहू सणाला किंवा जावई आला तर. कॅनॉलचं पाणी आलं आणि पाहुणा घरचा मालक होऊन बसला. पण बाजरी तर आमच्या हाडामांसातली. तिचा तवा वेगळा केला, हिंगात कणीक असते असं कळल्यावर हिंगाची डबी उकिरड्यावर टाकली, शेवयांचा डबा माळ्यावर चढवला. गिरणीवाल्या आप्पांना सांगून ठेवलं, की सकाळी दळण सुरू व्हायच्या आधी दगडाच्या पाळ्या झाडून आमची बाजरी पहिली दळायची, गव्हाच्या मागून नाही. आप्पा दर खेपेला कुरकुरायचे, "वहिनी, तुमच्या सुनंपायी गिरणीला दर खेपंला आंघुळ घालावी लागती. आता तिला टिकली आन् पावडर तेवढी ऱ्हायली." पण झाडून दळून द्यायचे. आणि तिची भाकरी मी दुसऱ्या कोणाच्या हाताला लागू दिली नाही, तिच्याही नाही. ती दमते म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझ्या भाकरीचा मला अभिमान होता म्हणूनही. आळीतल्या बायका म्हणायच्या, काकींची भाकरी केळीच्या पानासारखी, धरली तर पलीकडचा उजेड दिसावा.

ती मात्र बरी होत नव्हती.

सहा महिने गेले, वर्ष गेलं. पुरणपोळीच्या दिवशी ती भाताचं ताट घेऊन कडेला बसायची, लग्नाच्या पंगतीत पाणी पिऊन उठायची, बारशाला गेली तर पदराआडून स्वतःचा डबा उघडायची. बाया विचारायच्या, "एक घास खाल्ला तर काय मरती का?" ती नुसती हसायची. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी जसं तळाला जाऊन एका डोळ्याएवढं उरतं, तसं तिचं ते हसणं होत गेलं. पोट पुन्हा तसंच, तोंड पुन्हा तसंच, आणि आता सांधेही. हळूहळू ती स्वतःला तपासायला लागली होती. पाण्याचा पेला उजेडात धरून बघायची, ओठांना बोट लावून बघायची, कुठं काय चिकटलंय. दुसऱ्यांदा रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर करून म्हटलं, "कुठून तरी गहू जातोय हिच्या पोटात." आम्ही शिरूरच्या परतीच्या एसटीत बसलो. खिडकीतून उसाचे तुरे मागं जात होते, आणि मी माझ्या मनात निकाल लावून मोकळी झाले होते.

प्रवीण कुरकुंभला केमिकल कंपनीत आहे, शिफ्टमध्ये. त्या आठवड्यात तो सकाळची पाळी करून आला, ओट्यावर चहा घेत बसला, आणि मी त्याला म्हणाले, "तोंड न्हाई राहत तिचं. लपून बिस्किट खात आसंल. न्हाईतर एवढं पथ्य करून फरक कसा पडंना?" तो चहा पीत राहिला. त्यानं नाही म्हटलं नाही. आत भांडी घासण्याचा आवाज चालू होता तो थांबला. पाण्याची धार तेवढी पडत राहिली, बराच वेळ, रिकाम्या पातेल्यात. आजही कुठं नळ उघडा राहिला की मला उठून तो बंद करावा लागतो.

मग पौषातली भोगी आली. सगळे सण गव्हाचे, पण भोगी मात्र बाजरीची. तीळ लावलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि वांगी, पावटा, गाजर, हरभरा घातलेली ती मिसळलेली भाजी. त्या एका दिवशी सगळं गाव रोहिणीच्या पंगतीला बसतं, असं मी मनाशी म्हणायची. त्या सकाळी धुकं नदीवरून उठून घराच्या कौलांपर्यंत आलं होतं. चुलीचा जाळ त्यात शेंदरी होऊन विरघळत होता. ती उंबऱ्यापाशी बसली होती, मांडीवर तिळाचं ताट घेऊन. मी भाकरी थापून पुढं सरकवायची, तिनं तीळ भुरभुरवून तळव्यानं दाबायचे, की पुन्हा माझ्याकडं, तव्यावर. तिळाचे ते पांढरे ठिपके तिच्या बोटांतून असे गळायचे, जणू ती कोणाला हलकेच निजवते आहे. शेजारची कमल परात मागायला आली आणि बघतच उभी राहिली.

"काकी, तीळ लावूनबी भाकर चिरत न्हाई तुमची. आमच्या तर कडा फाटत्यात. काय करता?"

आता हे कसं आहे, बाजरीचं पीठ आठदहा दिवसांचं झालं की त्याची विरी जाते, चिकटपणा जातो, आणि भाकरी कडेनं तडकते. माझ्या आईनं मला लहानपणी एक उपाय शिकवला होता. तो मी इतकी वर्षं करत आले, की करते आहे हेच मला दिसेनासं झालं होतं. जसा आपला श्वास आपल्याला दिसत नाही. कमलनं विचारलं आणि मला कौतुकाचा कढ आला. मी हसून म्हणाले, "आगं, काय न्हाई त्यात. मूठभर कणीक घालायची मळताना. मऊसूत ऱ्हाती."

शब्द तोंडातून गेले आणि मी ते ऐकले. दुसऱ्या कोणी बोलावं आणि मी भिंतीपलीकडून ऐकावं, तसे ऐकले. माझा उजवा हात कोपरापर्यंत पिठात होता. उंबऱ्यावर तिळाचा आवाज थांबला होता.

मूठभर कणीक म्हणजे गहू, हे माझ्या मनाला माहीत नव्हतं असं नाही. पण गहू म्हणजे चपाती, गहू म्हणजे पोळी, बिस्किट, पाव. चिकटपणासाठीची मूठ ही मीठ-पाण्यासारखी, ती कोण मोजतं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या कण. मी गिरणीच्या पाळ्या झाडून घेतल्या, हिंगाची डबी टाकली, साऱ्या गावाच्या हातांवर पहारा ठेवला, आणि स्वतःच्या हाताकडं एकदाही बघितलं नाही.

रोहिणीनं ताट खाली ठेवलं. ओरडली नाही, रडली नाही. चुलीच्या उजेडात तिचा अर्धा चेहरा दिसत होता, आणि त्यावर राग नव्हता. उलट काहीतरी सुटल्यासारखं होतं, वर्षभर आवळलेली गाठ कोणी सोडवावी तसं. ती माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाली, "म्हंजी मी खोटी नव्हते. आई, मला वाटाया लागलं हुतं, माझंच मन कायतरी लपवतंय माझ्यापसनं."

कमल परात न घेताच गेली. मी "पोरी" एवढंच म्हणू शकले. पुढचा शब्द मला त्या दिवशी सापडला नाही, आणि नंतर सापडला तेव्हा त्याची वेळ निघून गेली होती.

चैत्रात त्यांनी दौंडला दोन खोल्या घेतल्या. प्रवीण म्हणाला, कंपनीला जायला जवळ पडतं. मीही तेच लोकांना सांगते. मी एकदा गेले होते. रेल्वेच्या शिट्ट्या खिडकीतून थेट भांड्यांवर येऊन आदळत होत्या. त्या घरात गव्हाचा एक दाणा नाही. प्रवीणही बाजरीच खातो. तिनं माझ्यासमोर पीठ घेतलं, नुसतं गरम पाणी घालून मळलं, आणि थापायला बसली. भाकरी कडेनं चिरत गेली, नदी आटल्यावर तिच्या पात्रातला चिखल तडकतो तशी. तिनं ती तशीच तव्यावर टाकली, तशीच मला वाढली. मी माझ्या आयुष्यात इतकी वाकडी भाकरी खाल्ली नव्हती, आणि इतकी निर्मळही. तिच्या गालांवर थोडा रंग आला होता. सगळं काही गेलेलं नाही, काही सकाळी अजून सांधे धरतात, पोट अजून रुसतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, लव सावकाश उगवते, आणि तुमचे पथ्याचे दिवस खरे तर आत्ता कुठं सुरू झालेत. ते वाक्य तिनं मला सहज सांगितलं. आधीचं सगळं वर्ष त्या वाक्याच्या अलीकडं पडून होतं, कोणाचंच नसल्यासारखं.

ती सणावाराला येते. पाया पडते, माझ्या गुडघ्यांना तेल लावते, गेल्या माघात बांधावर बसून तिनं माझ्यासाठी ओंब्याही चोळल्या. पण जेवताना पिशवीतून स्वतःचा डबा काढते. मी एक कोरी परात आणून ठेवलीय, तिच्यासाठी, जिला कणकेचा वारासुद्धा लागलेला नाही. ती खुंटीवर आहे. दुपारी ऊन आलं की भिंतीवर तिचा गोल उजेड पडतो, आणि सरकत सरकत जातो. एकदा मी रोहिणीला म्हणाले, अजून राग आहे का गं. तिनं माझा हात हातात घेतला, उलटा केला, तळवा बघितला, आणि म्हणाली, "राग कशाचा, आई? पन हात हाय तो. इसरतो."

तिचं माहेर इनामगाव. तिथं नदीकाठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, जाणत्या लोकांनी खणून हजारो वर्षांपूर्वीच्या चुली बाहेर काढल्या, राखेत जळके दाणेही मिळाले म्हणतात. नवी नवरी होती तेव्हा हे ती मला फार अप्रूपानं सांगायची. आता माझ्या चुलीपुढं एकटी बसते तेव्हा मला त्या चुली आठवतात. काळ दाणे जपून ठेवतो, राख जपून ठेवतो, चुलीचा आकारसुद्धा ठेवतो. पण चुलीपुढं बसलेल्या बाईनं जीव लावून कोणाला काय खाऊ घातलं, आणि त्याचं पुढं काय झालं, हे राखेला ठेवता येत नाही. ते ज्याच्या त्याच्या हाताला ठेवावं लागतं, आणि माझा हात आता काही विसरत नाही.