डेलियाचे गाल

डेलिया मॅक्हेल बारा वर्षं शाळेची बस चालवत होती. बसला कधी ओरखडा नाही, पोरांना कधी उशीर नाही. आणि आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव म्हणे, बाई पिते! का, तर नाक-गाल लालभडक, आणि कुणाकडेही गेली तरी चहा घेत नाही. आमच्याकडे चहाला दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मुकाट कप उचलायचा. ही तिसऱ्यांदाही नकोच म्हणायची. मग हिला दुसरं काय हवं असणार, ते गावाने परस्पर ठरवून टाकलं.

तिला रोझेशिया हा त्वचेचा आजार होता हो! गरम चहा, शेकोटीची धग, बोचरा वारा, काहीही निमित्त पुरायचं आणि तोंड पेटायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मुळापासून जाणार नाही, पण ताब्यात राहील. मलम रोज लाव, उन्हाचं क्रीमसुद्धा, ऊन दिसलं नाही तरी. आणि कशाने भडकतो त्यावर नजर ठेव." डेलिया सगळं नेमाने करत होती. दारू तर तिने जन्मात चाखली नव्हती.

शेवटी बसमधल्या एका पोराची आई नोरा गिल, तिने तक्रार केली. पालकांची बैठक बसली आणि अध्यक्ष फिन्टनने बसच्या किल्ल्या टेबलावर ठेवायला लावल्या.

"राग मानू नकोस डेलिया, पण पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मानणार! चहा दे. उकळता."

तिने अख्खा मग घशाखाली ओतला. बघता बघता कानापर्यंत लाली चढली, डोळ्यांतून पाणी आलं.

"या आता, वास घ्या माझ्या तोंडाचा! नोरा, तू ये आधी. लाजतेस काय?"

नोरा आली, वाकली. "चहाच आहे," ती पुटपुटली.

फिन्टनने घसा खाकरला. "मग प्रश्नच मिटला. बस तुझीच. फक्त सकाळी जरा पावडर थापून येत जा बाई, पोरं बिचकतात."

"पावडरीने आग होते माझ्या तोंडाची. आणि पोरं बिचकतात? पोरं रोज विचारतात, डेलिया, आज दुखतंय का? तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं बारा वर्षांत?"

डेलियाने किल्ल्या उचलल्या.

"सकाळी आठला येते. याच तोंडाने."