हसण्यासाठी बांधलेला हॉल

मी या गावातला जुना हॉल. दर्शनी भिंतीवर माझं भारदस्त नाव कोरलं होतं, पण ते कधी कुणाच्या तोंडी बसलं नाही. "हॉलवर काय लागलंय?" एवढंच विचारायचे.

मालकांनी मला हौसेनं बांधलं. घरचे म्हणाले, "गिरणी कामगारांच्या गावात नाटकं कोण बघणार?" पण लोक आले. नाटक असो, जादूचा खेळ असो, सिनेमा असो, सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. माणसंही गमतीची! भांडून आलेली नवराबायको अंधारात एकाच विनोदावर खो खो हसायची आणि दिवे लागले की पुन्हा तोंडं फिरवून बसायची.

मग एका दुपारी गिरणीचा बॉयलर फुटला.

दवाखाना दोन खोल्यांचा. गावात मोठी जागा काय ती माझीच. खुर्च्या भिंतीशी रचल्या आणि माझ्या फरशीवर माणसं ओळीनं निजवली. चादरी पुरेनात, तेव्हा मालकांनी माझा मखमली पडदा उतरवून स्वतः कापून दिला. बायका एकेक चेहरा उघडून बघत होत्या. शिंपीणबाईंना त्यांचा मुलगा रंगमंचाच्या पायरीपाशी सापडला.

काही महिन्यांनी मी पुन्हा उघडलो. फरशी घासलेली, पडदा नवा. शिंपीणबाई प्रत्येक खेळाला तिकीट काढून यायच्या आणि त्या पायरीजवळच्या खुर्चीत खाली बघत बसायच्या. त्यांच्या आजूबाजूच्या रांगा ओस पडू लागल्या. विनोदी नट मालकांना म्हणाला, "त्या बाई समोर दिसल्या की जीभ टाळ्याला चिकटते हो माझी."

शेवटी मालक त्यांच्याजवळ गेले. "ताई, रागावू नका. तुमच्याकडे बघून लोकांना हसू येत नाही."

"मी कुठे कुणाला अडवलंय?"

"अडवलं नाही, पण माझा धंदा बसलाय."

त्या उठल्या. पिशवी उचलली, "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

लोक तरीही आले नाहीत. घरटी कुणी ना कुणी माझ्या फरशीवर निजून गेलं होतं. हे उमगायला मालकांना फार वेळ लागला. उमगलं तसे ते शिंपीणबाईंच्या घरी गेले. परत आले ते माझ्या दारातच बसले. रखवालदाराला सांगू लागले, "म्हटलं, कधीही या, कुणी काही बोलणार नाही. तर मशीन न थांबवता म्हणाल्या, आता नको. तुम्ही मला तिथून उठवलंत ना, त्या दिवशी तो खरा गेला."

मला कुलूप लागलं. पुढे सिमेंटची पोती भरली. मालक गेले, बाईही गेल्या. आता छपराचे पत्रे उडालेत आणि रंगमंचाला वाळवी लागलीय. लवकरच मला पाडणार, नवं सभागृह उभं राहणार म्हणे.

पाडा बापहो, माझी तक्रार नाही. नव्या खुर्च्या मऊ करा, दिवे झगमगीत लावा. फक्त एखादं माणूस न हसता नुसतंच बसून राहिलं, तर त्याला उठवू नका.