माझ्या पोटात कानस फिरली

मित्रांनो, मी एक जुनी, पेट्रोलवर चालणारी, लाकडं कापायची करवत आहे. लोक मला चेनसॉ म्हणतात. आज मी गोड बोलणार नाही. मला राग आला आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत होती. सोलापूरहून मी अक्कलकोटकडच्या एका गावात, सुंदरम्माच्या घरी आले. नवरा वारल्यावर त्या बाईने माझ्या जिवावर संसार ओढला. बांधावरच्या वेड्या बाभळी, रस्त्यात आडवी पडलेली झाडे आम्ही दोघींनी कापली. पेट्रोलमध्ये तेल मिसळल्याशिवाय तिने मला कधी पाजले नाही.

मग तिच्या पुतण्याला, बसूला, हौस आली. मोबाइलवर काहीतरी बघून, काकू माहेरी गेलेली असताना, त्याने मला उघडले. सिलिंडरमधून धूर बाहेर पडायचे भोक कानशीने घासून मोठे केले. मी किंचाळत पळू लागले, तेव्हा त्याच्या दोस्तांनी टाळ्या वाजवल्या. पण भोकाची कड त्याने धारदारच सोडली होती. पिस्टन वर-खाली होताना त्याची रिंग तिच्यावर खरवडत होती. आणि हे त्याने काकूला सांगितलेसुद्धा नाही!

उन्हाळ्यात वादळ झाले. शेजारच्या गुरप्पाच्या गोठ्यावर कडुलिंब कोसळला. गुरप्पाचा पाय फांदीखाली सापडला. सुंदरम्मा मला घेऊन धावली. अर्धी फांदी कापली आणि माझ्या पोटात खट्‌कन रिंग मोडली. मी जागच्या जागी जाम झाले. मला चालू करायची दोरी ओढून ओढून तिचा तळहात सोलला.

"चल की गं बाई, चल की!" ती रडत होती.

शेवटी माणसांनी कुऱ्हाडी चालवल्या. प्रत्येक घावाला फांदी हादरायची आणि गुरप्पा ओरडायचा. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आणि बसू? चारचौघांत म्हणाला, "काकूनं तेल घातलं नसंल. वय झालं, इसरली."

गाव तेच बोलू लागले. सुंदरम्मा स्वतःशीच पुटपुटायची, "खरंच इसरले का मी?" ते ऐकताना माझ्या लोखंडाची आग झाली.

तिने बसूला सोबत घेतले आणि मला सोलापुरात सरफराज मिस्त्रीकडे नेले. त्याने सिलिंडर काढून उजेडात धरला.

"तेल नसतं ना ताई, तर पिस्टन चारी बाजूंनी घासला असता. खालचं बेअरिंगबी कोरडं पडलं असतं. हे बघा, अजून तेलकट हाय. ओरखडे निस्ते ह्या भोकाच्या रेषेत हायेत. रिंग कडेला अडकून मोडली. भोक कुणी घासलं?"

बसूची मान खाली गेली.

सुंदरम्मा म्हणाली, "मला सांगू नगंस. गुरप्पाच्या दारात चल. तितं सांग."

त्याने सांगितले. अंगणात माणसे जमली होती. गुरप्पा खाटेवरून म्हणाला, "पाय माझा गेला, त्याचं मी बघतो. पर ह्या बाईला तू येडी ठरवलीस. आदी तिचे पाय धर."

बसू वाकला. सुंदरम्माने पाय मागे घेतले.

मला नवा सिलिंडर बसला. मी पुन्हा कामाला लागले आहे. मित्रांनो, यंत्र उघडायची हौस असेल तर जरूर उघडा, जाणत्याकडून शिका. पण आपल्या हाताने झालेली मोडतोड दुसऱ्याच्या माथी मारू नका. माझा सिलिंडर दुकानात मिळाला. गुरप्पाचा पाय कुठल्या दुकानात मिळतो, ते बसूला विचारा.