बादलीनं पाणी

टायची गाठ काही केल्या सरळ बसेना. डेस हॅलिननने ती वैतागून सोडली, तेवढ्यात त्याची वकील केरिन दारात उभी राहिली. खरं तर कोर्टातच भेटायचं ठरलं होतं.

"बसा डेस. नोरीन पॅस्को काल गेल्या. झोपेतच."

डेस बसला नाही. त्याची बायको ग्लेनिस चहाची किटली हातात धरून तशीच थांबली.

नोरीन शेजारीण. तिच्या कुंपणाशी जुना, डेरेदार अंजीर होता आणि त्याच्यामुळे डेसच्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. समुद्र हवा होता ना साहेबांना! खोडाला भोकं पाडून त्याने विष ओतलं. पकडला गेला, कबूलही केलं. पण झाडाची किंमत वेगळी आणि मुजोरीची शिक्षा वेगळी. शिक्षा म्हणून जादा भरपाई किती द्यायची, ते न्यायाधीश आज ठरवणार होते.

"मग आता?" ग्लेनिसने विचारलं.

"झाडाची किंमत वारसांना द्यावी लागेल. शिक्षेची भरपाई मात्र वारसांना मागता येत नाही. ती नोरीनबाईंबरोबरच गेली. कायदाच तसा आहे."

"हुश्श! सुटलो बाई," ग्लेनिस म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "देवा, मी काय बोलतेय!"

"पण मी आज सांगणार होतो," डेस म्हणाला.

"काय सांगणार होतात?"

"बादल्यांचं."

केरिनने हात वर केला. "राहू द्या. आता कुणी विचारणार नाही."

"कुणी विचारलं नाही म्हणूनच तर आजवर गप्प बसलो!" डेसचा आवाज चिरकला. "पानं गळायला लागली तेव्हा ती माझ्याकडेच आली होती. म्हणाली, डेस, तुला झाडांतलं कळतं, काय झालं असेल रे? मी म्हटलं, तहानलंय बिचारं, पाणी घाल. पाणीकपात चालू होती, नळी लावायची बंदी. म्हातारी अंघोळीचं पाणी बादलीनं ओढायची. उन्हाळाभर. आणि मी इथे बिअर पीत बघत बसायचो. हसू यायचं मला."

केरिनने फाइल काखेत मारली, कळवते म्हणाली आणि निघून गेली.

ग्लेनिसने किटली खाली ठेवली.

"तू सांगितलं होतंस, हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "नोरीनच बोलली होती. डेसने सांगितलंय, पाणी घातलं की जगेल. तू सकाळी मासेमारीला गेलास की मी तिच्या बादल्या उचलायचे. कंबर धरली माझी, पण बरं वाटायचं. वाटायचं, माझा नवरा कुणाशी तरी चार शब्द प्रेमानं बोलला."

"ग्लेन..."

"विषाचं कळलं तेव्हाही मी मनात म्हटलं, विष घातलंन् खरं, पण मग पस्तावून पाणी घालायला सांगितलं असेल. तेवढ्यावर राहिले रे मी तुझ्यापाशी."

तिने आपल्या कपातला चहा मोरीत ओतला. मग खिडकीजवळची खुर्ची उचलून दुसऱ्या खोलीत नेली आणि दार लावून घेतलं.

डेस टाय हातात घेऊन उभा होता. समोर वठलेल्या फांद्यांमधून समुद्र अगदी स्वच्छ दिसत होता.