जलालभाऊंचा डावा कान

"कानात काय टाकलं बाई?" जलालुद्दीनने दुसऱ्यांदा विचारलं.

शकुबाई पदरात तोंड घालून काहीतरी पुटपुटली. जलालुद्दीनला त्यातलं अक्षरही कळलं नाही, कारण ती त्याच्या डाव्या हाताला उभी होती आणि तो कान लहानपणीच गेला होता. वडशाच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून त्याला बावीस वर्षं झाली होती. "इकडून बोला जी," म्हणत उजवा कान पुढे करायची त्याची सवय अख्ख्या गावाला ठाऊक होती. आज मात्र उत्तराची गरजच नव्हती. पोरीच्या कानातून काढलेल्या बोळ्याला लसूण कढवलेल्या मोहाच्या तेलाचा वास येत होता.

शकुबाईची वच्छला सात वर्षांची. गोवर अंगात फुटला म्हणून आणली, तो उतरतो न उतरतो तोच डावा कान ठणकायला लागला. पडदा पूने टरारून फुगला होता. डॉक्टरांनी त्याला बारीक चीर देऊन वाट करून दिली आणि पेनिसिलीनची इंजेक्शनं सुरू केली. नेमक्या त्याच वाटेवर आईने तेल ओतून कापूस ठासला. आता कानामागे सूज आली होती.

"उद्या संध्याकाळपर्यंत सूज उतरली नाही, तर नागपूरला पाठवू. हाड कोरावं लागेल. ऐकू येईल की नाही, सांगता येत नाही," एवढं बोलून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

शकुबाई जलालुद्दीनच्या उजव्या हाताला आली. "पोरगी रडून राह्यली होती भाऊ. मले पाह्यवलं नाई. माही माय असंच टाके."

चांगलं खडसावायचं जलालुद्दीनच्या ओठांवर आलं होतं. पण उशीखालची ती इवलीशी बाटली त्याने पाहिली. तेल थंड होऊ नये म्हणून ती लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली होती. त्याचा राग तिथेच विरला.

"माह्या अम्मीनं बी असंच टाकलं होतं," तो खाटेवर टेकत म्हणाला. "कान वाहत होता, तरी वरून कापूस. पू आतल्या आत राह्यला. मंग अम्मी मरेपर्यंत माह्या उजवीकडूनच बोलली. काऊन बोलते, थे एकदाही नाई सांगितलं तिनं."

शकुबाई त्याच्या कानाकडे बघतच राहिली.

"या इथी. रडू नका, हात धुवा."

कान टिपायच्या बांबूच्या काड्या तो स्वतः तासायचा. टोक कापसाच्या आत दडलं पाहिजे, कापूस पुढे मऊ सुटला पाहिजे. त्याने शकुबाईला तो पीळ शिकवला. दर तासाला ती काडीवर कापूस वळायची आणि तो कान टिपायचा. दुपारनंतर टिपायचं कामही त्याने तिच्याच हाती दिलं.

दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टरांनी कानामागे बोट फिरवलं. सुजेत बुजलेली घडी पुन्हा दिसत होती. "नागपूर राहू दे," ते म्हणाले. शकुबाईने त्यांच्या नव्हे, जलालुद्दीनच्या पायांना हात लावला, तेव्हा तो बिचारा चार पावलं मागे पळाला.

पंधरवड्याने कान कोरडा झाला. जलालुद्दीन वच्छलाच्या पाठीमागे उभा राहिला, तिचा चांगला कान बोटाने गच्च बंद केला आणि अगदी हळू म्हणाला, "वच्छले, बोरं खाशील?"

"कुठी हायेत?" पोरीने गर्रकन मान वळवली.

शकुबाई भिंतीकडे तोंड करून रडली.

निघताना बैलबंडीत बसलेल्या वच्छलाने त्याला खाली वाकायला लावलं. गळ्यात हात टाकून ती त्याच्या डाव्या कानात काहीतरी कुजबुजली, बराच वेळ. शकुबाई घाईने पुढे झाली, "अवं, तिकून नाई, इकून सांग..."

जलालुद्दीनने हात वर करून तिला थांबवलं. पोरीचं सांगून होईस्तोवर तो तसाच वाकून राहिला.

"हव," तो मान हलवत म्हणाला, "अगदी बरोबर."

बंडी वळणाआड गेली, तरी पोरीचा ऊन श्वास त्याच्या कानाला जाणवत होता.