रिकाम्या पिशव्या

"हे रोप मेलेलं धरा," रोपवाटिकेतल्या बाईने आपणहून सांगितलं.

वनखात्याच्या साहेबांनी वहीतून मान वर केली. "मी विचारलं नव्हतं, बाई."

"बुंध्याला नख लावून बघा. आत हिरवं नाही."

मागे मुकादमाने कपाळाला हात लावला. "वहिनी, गप्प बसा ना जरा!"

मोजायला घेतलेल्या शंभरातली निम्मी रोपं जगलेली नसली, तर हा उतार खडीच्या खाणीला जाणार होता. इथलं जंगल तोडून नेलं त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर पावसाळ्यात उतारावरची माती पायथ्याच्या घरांत शिरायची. बाईच्या सासूची खाट चार-चार विटांवर चढली ती तेव्हाच. लागवड दोनदा झाली, दोनदा वाळली. इथे काही जगत नाही, असा शेरा खात्याने मारून ठेवला होता.

दुसऱ्या खेपेला बाईने वाळलेलं एक रोप उपटून पाहिलं. मुळं प्लास्टिकच्या पिशवीतच वेटोळं करून बसलेली. दुसरं उपटलं, तेही तसंच. घाईच्या मजुरांनी पिशवीसकट रोपं खड्ड्यात ठेवून वर माती लोटली होती. पान-पान पुसून वाढवलेली तिची रोपं! ती तिथेच बसून रडली.

तिसऱ्या लागवडीला तिने एकच नियम घातला. रिकामी पिशवी आणून द्यायची, मगच पुढचं रोप न्यायचं.

मुकादम सगळ्यांदेखत हसला होता. "वहिनी, झाडं लावायला आलोय की कचरा वेचायला?"

"दोन्हीला, भाऊजी. पिशवी?"

"राहिली वाटतं खड्ड्यात."

"मग उकरा. मी थांबते."

तिचा आवाज कधी चढत नसे. मुकादमाने निमूट उकरलं. दुसऱ्या दिवसापासून तोच इतरांवर खेकसायला लागला, "आधी पिशवी दाखवा!"

त्याला आता तीन वर्षं झाली. साहेब ओळीतून पुढे सरकत होते. बाई देवाच्या दारी उभं राहावं तशी हात जोडून मागे चालत होती.

"एकावन्न!" मुकादम ओरडला. "वहिनी, झालं!"

"मोजणी संपलेली नाही," साहेब म्हणाले.

संपली तेव्हा सत्याऐंशी जिवंत होती. साहेबांनी बेरीज पुन्हा करून पाहिली आणि शेरा लिहिता लिहिता मोठ्याने वाचला, "उतार खाणीस देऊ नये."

मुकादमाने टोपी हवेत उडवली. पायथ्याशी दारांत उभ्या असलेल्या बायकांना त्याने हाळी दिली, "जगलं! सगळं जगलं!"

"तेरा सोडून," बाई म्हणाली, पण हसली.

"कमाल केलीत," साहेब म्हणाले. "ऑफिसातल्या लोकांना दाखवायला एक फांदी नेतो." त्यांनी हात पुढे केला.

"नको, साहेब. त्यांनाच इथे घेऊन या."

साहेबांनी हात मागे घेतला. पाऊलवाट अरुंद होती. रोपांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून ते तिच्या मागोमाग उतरू लागले.