चिमटा, ब्रश आणि आमचे हे

आमच्या ह्यांच्या अन्ननलिकेला आयुष्यात पहिल्यांदाच एवढा मान मिळाला. एरवी तिच्यातून मी रांधलेलं मुकाट खाली उतरायचं. पण वर्षानुवर्षांच्या ॲसिडिटीने तिचं अस्तर बिघडलंय असं निघालं, आणि ते कॅन्सरकडे वळत नाहीये ना, हे तपासायला एक सोडून दोन डॉक्टर सरसावले.

थोरले चिमटेवाले. दुर्बीण घशातून आत घालायची, ठरावीक अंतरावर चार-चार कण खुडायचे, मधलं अस्तर देवाच्या भरवशावर. धाकटे ब्रशवाले. ताठ केसांचा ब्रश सगळीकडे फिरवून पेशी खरवडायच्या. कोणती पद्धत सरस, याची तुलना चालू होती. "दोन्ही करून बघू," दोघेही उदारपणे म्हणाले. घसा त्यांचा नव्हता.

निकाल आले. चिमटा म्हणाला, काही नाही. ब्रश म्हणाला, पेशी बिघडायला लागल्यात.

धाकट्यांचा आनंद गगनात मावेना. "तुमची केस फार सुंदर आहे," ते ह्यांना म्हणाले. लग्न झाल्यापासून ह्यांना कोणी सुंदर म्हटल्याची ही पहिलीच वेळ. थोरल्यांनी नाक मुरडलं. "ब्रशला काय, नसलेलंही दिसतं. वर्षभराने बघू." मग ह्यांच्या डोक्यावरून दोघांची जुंपली, आणि आम्ही मांडीवर हात ठेवून ऐकत बसलो. शेवटी थोरले म्हणाले, "पुन्हा दुर्बीण घालायची की थांबायचं, ते तुम्हीच ठरवा." एवढं शिकून निर्णय आमच्याच गळ्यात.

घरी येईपर्यंत मी कट्टर चिमटेवाली झाले होते. थोरल्यांचे पिकलेले केस, त्यांचा अनुभव, सगळं मला एकाएकी पटायला लागलं. धाकटे उगाच घाबरवतात, त्यांना नाव कमवायचंय, असं मी ह्यांना दोनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी हे माझ्या कापडाच्या दुकानात येऊन बसले. मी नवा तागा उलगडून दिव्यासमोर धरत होते आणि माल घेऊन आलेला व्यापारी कुरकुरत होता.

"बाई, चार घड्या बघा की. सगळा कशाला उलगडता?"

"चार घड्यांत कसरीची भोकं दिसली नाहीत म्हणजे कसर नाही, असं कोणी सांगितलं?" मी फटकारलं.

व्यापारी गेल्यावर हे हळूच म्हणाले, "आणि माझ्या वेळी चार घड्या पुरल्या?"

माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते लाजिरवाणं होतं. "ताग्यातली मला सापडायला हवी असते," मी म्हणाले. "तुमच्यातली नको होती."

"मलाही भीती वाटते गं. पण माल बघतेस तसंच मलाही पूर्ण तपासून घेऊ."

पुन्हा दुर्बीण गेली. या वेळी थोरल्यांनी चिमटा पूर्वीपेक्षा दाट चालवला, आणि एका जागी सापडलं. कॅन्सर नव्हता, त्याच्या अलीकडची पायरी होती. तेवढी जागा जाळून टाकली आणि दर काही महिन्यांनी तपासायचं ठरलं.

थोरले म्हणतात, शेवटी चिमट्यानेच शोधलं. धाकटे म्हणतात, ब्रशने सांगितलं नसतं तर चिमटा वर्षभर झोपला असता. परवा डॉक्टरांच्या कुठल्याशा परिषदेत दोघे पुन्हा भांडले म्हणे, भल्या मोठ्या पडद्यावर ह्यांच्या अन्ननलिकेचा फोटो लावून.

आम्हाला बोलावणं नव्हतं. आमची अन्ननलिका त्या वेळी माझ्यासमोर ताग्याचं दुसरं टोक धरून उभी होती.

"जरा ताणून धरा ना," मी म्हणाले. डोळे भरून आले की बारीक भोकं दिसत नाहीत.